कीडनियंत्रणाचा एकखांबी तंबू

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. रासायनिक कीटकनाशकांना पर्याय हवा, ही गोष्ट त्यापूर्वीही सांगितली जात होतीच. परंतु त्या दुर्घटनेने ती तज्ज्ञांच्या परिसंवादातून उचलून थेट शेताच्या बांधावर आणून ठेवली. या पर्यायांपैकी एक मोठा आश्वासक आहे. किडीलाच रोग जडविणारे विषाणू पिकावर फवारायचे आणि किडीचा बंदोबस्त निसर्गाच्या हातून करवून घ्यायचा, असे त्याचे स्वरूप. माणसे, गुरे, पक्षी, मधमाश्या यांना त्याची बाधा नाही. मातीत वा पाण्यात विषाचा अंश उरत नाही. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, हा व्यवहारातील न्याय येथे शेतीला लावलेला आहे. मात्र मित्राची नीट ओळख करून न घेता त्याच्यावर सारा भार टाकला, तर तोही ऐन वेळी उपयोगी पडत नाही. युरोपातील सफरचंदाच्या बागांनी हा अनुभव वीस वर्षांपूर्वी घेतला. महाराष्ट्राने तो वेळीच समजून घेणे हिताचे आहे.

हे विषाणू प्रामुख्याने पतंगवर्गीय किडींच्या अळ्यांवर वाढतात. विषाणूचे कण प्रथिनाच्या एका सूक्ष्म स्फटिकात बंदिस्त असतात. त्यामुळे अळीच्या शरीराबाहेरही ते काही काळ टिकाव धरू शकतात. अळीने पानाबरोबर हा स्फटिक गिळला की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात तो विरघळतो, विषाणू मोकळे होतात आणि पेशीमागून पेशी ताब्यात घेत शरीरभर पसरतात. काही दिवसांतच अळीचे खाणे मंदावते, ती झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि तेथेच उलटी लटकून मरते. तिचे शरीर आतून पाणी होते, कातडी फाटते आणि कोट्यवधी नवे स्फटिक खालच्या पानांवर ठिबकतात. हरभऱ्याच्या शेतात अशा काळवंडलेल्या, लोंबणाऱ्या अळ्या अनेक शेतकऱ्यांनी पाहिलेल्या असतील. प्रत्येक विषाणूचे भक्ष्य मात्र ठरलेले असते. घाटे अळीचा विषाणू घाटे अळीला मारतो. शेजारच्या पिकावरील तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीला तो काही करत नाही. हा नेमकेपणा हे त्याचे मोठेपण आहे. परंतु कुलपाला एकच किल्ली लागत असेल, तर कुलपात थोडासा बदल होताच ती किल्ली निरुपयोगी ठरते, ही या नेमकेपणाची दुसरी बाजू.

सफरचंदाच्या फळात शिरून गाभा पोखरणारी कॉडलिंग मॉथ ही कीड समशीतोष्ण प्रदेशातील बागाइतदारांची जुनी वैरीण. भारतात तिचा उपद्रव लडाखपुरता मर्यादित आहे. युरोप-अमेरिकेत मात्र तिने शिसे आणि आर्सेनिक यांच्या संयुगापासून डी. डी. टी. पर्यंत अनेक विषे पचविली. १९६३ साली मेक्सिकोच्या चिवावा राज्यात या किडीच्या रोगट अळ्यांत एक विषाणू आढळला आणि कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञ योशिनोरी तानादा यांनी १९६४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अत्यल्प मात्रेतही कोवळ्या अळीचा प्राण घेणारा हा विषाणू औषध म्हणून उपयोगी पडेल, हे लवकरच ध्यानात आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स आदी देशांत त्याची औषधे बाजारात आली. रसायने वर्ज्य मानणाऱ्या सेंद्रिय बागाइतदारांचा तर तो मुख्य आधारच बनला. औषधांची नावे निराळी, वेष्टने निराळी, उत्पादक निराळे. परंतु प्रत्येक बाटलीतील विषाणू त्या एकाच मेक्सिकन वाणाचा होता. औषध एकजिनसी असणे ही गुणवत्तेची खूण मानली जात असल्यामुळे यात काही वावगे आहे, असे वाटण्याचे कारण नव्हते.

२००५ साली जर्मनीतून पहिली चिंताजनक वार्ता प्रसिद्ध झाली आणि पाठोपाठ फ्रान्समधूनही तसाच दाखला मिळाला. काही बागांतील अळ्या या विषाणूला दाद देईनाशा झाल्या होत्या. साध्या अळीला मारण्यास जितकी मात्रा पुरते, तिच्या हजारपट मात्राही या अळ्यांपैकी कित्येकींना पुरत नव्हती. पुढील काही वर्षांत जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स अशा देशांत मिळून सुमारे चाळीस बागांतून अशीच उदाहरणे पुढे आली. विषाणू हा सजीवाप्रमाणे बदलणारा घटक असल्यामुळे त्याच्याविरुद्ध किडीत प्रतिकारशक्ती सहसा निर्माण होणार नाही, अशी जी समजूत रूढ होती, तिला या बागांनी तडा दिला.

असे का घडले, याचा उलगडा दोन टप्प्यांत झाला. २००७ साली जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की, प्रतिकाराचे हे जनुक किडीच्या लिंगनिश्चिती करणाऱ्या गुणसूत्रावर आहे. पतंगांमध्ये नराला त्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, मादीला एकच. साहजिकच, ज्या मादीला हे जनुक मिळाले तिच्या ठायी त्याचा प्रभाव झाकणारी दुसरी प्रतच नसते. आणि हे जनुक प्रभावी असल्यामुळे नरातही एका प्रतीने काम भागते. फवारणीतून वाचतात त्या अशाच अळ्या, आणि पुढची पिढी त्यांचीच. काही हंगामांतच सबंध बागेचा स्वभाव पालटावा, हे या हिशेबाने ओघानेच आले. दुसरा उलगडा २०१४ सालचा. मेक्सिकन वाणाच्या जनुकसंचयात सुमारे सव्वा लाख अक्षरे आहेत. त्यांपैकी एका जनुकात चोवीस अक्षरांची एक पुनरुक्ती शिरलेली आहे आणि प्रतिकारक अळीत या वाणाची वाढ खुंटते, याचे कारण त्या जनुकाच्या या रूपात आहे. ज्या वाणांत ती पुनरुक्ती नाही, त्यांच्यापुढे याच अळ्या हतबल ठरतात. सव्वा लाखांत चोवीस अक्षरे, म्हणजे एखाद्या जाडजूड ग्रंथातील एका ओळीहूनही कमी! परंतु तेवढ्यावर शेकडो एकरांतील फळांचे भवितव्य अवलंबून होते.

या संकटातून मार्ग निघाला तो नव्या रसायनातून नव्हे; तो त्याच विषाणूच्या दुर्लक्षित भाईबंदांतून निघाला. इराणमधील किडीत आढळलेले वाण तपासले असता त्यांतील काही वाण प्रतिकारक अळ्यांनाही मारतात असे दिसून आले. फ्रान्समध्ये प्रतिकारक अळ्यांच्याच शरीरात विषाणूच्या अनेक पिढ्या वाढवून अधिक समर्थ वाण निवडून काढण्यात आला. अशा वाणांवर आधारलेली औषधे उपलब्ध झाली आणि बागाइतदारांना दिलासा मिळाला. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हे वाण कोणी प्रयोगशाळेत निर्माण केलेले नव्हते. निरनिराळ्या प्रदेशांतून ते गोळा केलेले होते, जपून ठेवलेले होते आणि म्हणूनच अडचणीच्या वेळी हाताशी आले. नव्या वाणांनाही शह देणारे प्रतिकाराचे आणखी प्रकार पुढे आढळले, यावरून हे काम एकदा करून संपणारे नाही, हेही स्पष्ट झाले.

निसर्गात हे वैविध्य किती विपुल आहे, याची कल्पना सामान्यतः नसते. स्कॉटलंडमध्ये पाईन वृक्षांवरील एका पतंगाच्या अळीची तपासणी झाली, तेव्हा एकाच मेलेल्या अळीत विषाणूचे चोवीस निरनिराळे जनुकीय प्रकार मिळाले. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याहून उद्बोधक उदाहरण निकाराग्वाचे आहे. मक्यावरील लष्करी अळीच्या तेथील विषाणूत नऊ प्रकार आढळले. त्यांपैकी काही प्रकार इतके लंगडे होते की, अळीच्या आतड्यातून आत शिरण्यासाठी लागणारी जनुकेच त्यांच्यापाशी नव्हती. तर्काने पाहता अशा निकामी प्रकारांची छाटणी करून फक्त सुदृढ प्रकार ठेवणे शहाणपणाचे वाटेल. प्रत्यक्षात मूळ मिश्रण हे एकट्या सुदृढ प्रकारापेक्षा अधिक मारक ठरले. एकाच स्फटिकात अनेक प्रकार शेजारी असतात, ते एकाच पेशीत शिरतात आणि एकाने बनविलेली प्रथिने दुसऱ्याच्या कामी येतात. प्रमाण मुद्दाम बिघडवून पाहिले, तर अळ्यांच्या काही पिढ्यांनंतर ते पुन्हा मूळ पदावर आले. शुद्धता म्हणजेच सामर्थ्य, या समीकरणाला निसर्गाने दिलेला हा चोख नकार आहे.

निकाराग्वाचे हे उदाहरण महाराष्ट्राला परके नाही. हीच अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली प्रथम कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात दाखल झाली व मक्याच्या उत्पादकांची झोप तिने उडविली. भारतात रोगाने मेलेल्या अळ्यांतूनही तिचा विषाणू संशोधकांना मिळालेला आहे. म्हणजे कीड समुद्रापार आली, तरी तिचा वैरी येथेही उपलब्ध आहे. प्रश्न असा की, त्या वैऱ्याचा एकच नमुना उचलून त्याचीच पैदास करायची, की त्याचे निरनिराळे प्रकार शोधून, तपासून, जपून मग निवड करायची?

एकाच उपायावर विसंबण्याचे परिणाम महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागू नयेत. कपाशीवरील हिरवी बोंडअळी, हरभऱ्यावरील घाटे अळी आणि तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी ही एकाच किडीची तीन रूपे. शेजारच्या आंध्र प्रदेशात १९८७ साली याच किडीने तेव्हाच्या नव्या कीटकनाशकांना न जुमानता कपाशीचे पीक उद्ध्वस्त केले होते. पुढे २००२ साली बीटी कपाशी आली. हिरव्या बोंडअळीला तिने आवर घातला खरा, परंतु गुलाबी बोंडअळीने त्या कपाशीतील विषद्रव्यांवर हळूहळू मात केली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. फवारणीतील मृत्यू आणि गुलाबी बोंडअळीचा कहर हे एकाच वर्षातील, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. एक उपाय बोथट होतो, शेतकरी घाबरून अधिक विषारी उपायाकडे वळतो आणि त्याची किंमत कधी कधी प्राणांनी मोजतो. उद्या जैविक उपायही असाच बोथट झाला, तर शेतकऱ्याचा त्यावरील विश्वास उडेल आणि तो पुन्हा त्याच विषाच्या डब्याकडे जाईल. या चर्चेत पणाला लागलेले आहे ते हेच.

घाटे अळीच्या विषाणूची शिफारस महाराष्ट्रात बऱ्याच वर्षांपासून आहे. हरभरा फुलोऱ्यात आला की निंबोळी अर्काची फवारणी करावी आणि त्यानंतर हेक्टरी ५०० एल. ई. या प्रमाणात विषाणू फवारावा, असा सल्ला दिला जातो. उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निष्प्रभ होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी आणि द्रावणात थोडी नीळ मिसळावी, ही त्यातील व्यवहारी खबरदारी. या विषाणूचे उत्पादन प्रयोगशाळेत जिवंत अळ्यांवरच करावे लागते. हरभऱ्याच्या पिठापासून केलेल्या खाद्यावर अळ्या वाढवायच्या, त्या एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला निराळा कप्पा द्यायचा, त्यांना विषाणू खाऊ घालायचा आणि मेलेल्या अळ्या वाटून, गाळून अर्क काढायचा. या साखळीच्या मुळाशी असते ते विषाणूचे विरजण. वर्षानुवर्षे त्याच विरजणावर काम चालले, तर जे प्रकार प्रयोगशाळेच्या उबेत लवकर वाढतात तेच शिल्लक राहण्याचा आणि शेतातील उन्हातान्हात उपयोगी पडणारे प्रकार मागे पडण्याचा धोका असतो. बाटलीवर मात्र यातले काहीच उमटत नाही. विषाणूचे नाव तेच, मात्रा तीच; आतील वाण कोणता, तो कोठून आला, याचा शेतकऱ्याला पत्ता नसतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली ज्या वस्तूची नोंदणी व्हायची, तिची घटना निश्चित असली पाहिजे. नाहीतर वैविध्याच्या नावाखाली कोणीही कसलाही गढूळ अर्क विकील. जैविक औषधांच्या बाजारात निकृष्ट माल खपविला जात असल्याच्या तक्रारी असताना ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे. भेसळीत काय मिसळले आहे, ते लपविलेले असते. मिश्रणात ते नोंदलेले असते. स्फटिकांची संख्या, अळ्यांवरील प्रत्यक्ष परिणाम, घातक जिवाणूंचा अभाव या कसोट्या कठोर ठेवूनही ज्ञात वाणांच्या मिश्रणाला किंवा नव्या वाणाच्या समावेशाला सुलभ मान्यता देता येईल. एका वाणाची नोंदणी झाल्यावर त्याच विषाणूच्या दुसऱ्या वाणासाठी उत्पादकाला सारी कागदपत्रे पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागली, तर कोणताही उत्पादक जुन्या वाणालाच चिकटून राहील. नियमांनी शुद्धतेचे रक्षण करावे, एकसुरीपणाचे नव्हे.

दुसरे टोकही टाळले पाहिजे. वाणांचे वैविध्य जपले की सर्व साधले, असे मानणे म्हणजे एक खांब काढून त्याच जागी दुसरा रोवण्यासारखे आहे. ब्राझीलमध्ये सोयाबीनवरील अळीसाठी विषाणूचा वापर १९८० च्या दशकात सुरू झाला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो सुमारे वीस लाख हेक्टरांपर्यंत पोहोचला. तेथे विषाणूचे उत्पादन मुख्यतः शेतातील मेलेल्या अळ्या वेचून होत असे. प्रयोगशाळेत प्रतिकारक अळ्या निर्माण करता आल्या, तरी सफरचंदाच्या बागांसारखा प्रकार तेथील शेतांत घडल्याचा बोभाटा झाला नाही. याचे श्रेय केवळ शेतातून दरवर्षी येणाऱ्या ताज्या विषाणूला देणे धाडसाचे ठरेल, तथापि त्याचा विचार अवश्य व्हावा. कोकणातील नारळ बागाइतदारांच्या परिचयाच्या गेंडा भुंग्याची कथा याच्या उलट बाजूची. १९६३ साली मलेशियात आढलेल्या एका विषाणूने पॅसिफिक बेटांवर या भुंग्याला दीर्घकाळ आवर घातला. परंतु २००७ साली ग्वाम बेटावर या भुंग्याचा असा एक प्रकार येऊन पोहोचला, की ज्याच्यावर नेहमीच्या वाणाचा प्रभाव पडेना. विषाणूत वैविध्य असते तसे किडीतही असते, आणि दोघांवर नजर ठेवावी लागते.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांनी आपापल्या विभागांत रोगाने मेलेल्या अळ्या दर हंगामात गोळा करून, गाव, पीक व तारीख यांच्या नोंदीसह त्यांतील विषाणू शीतगृहात जपून ठेवावेत. बियाण्यांच्या जुन्या वाणांचे संग्रह करण्याचे महत्त्व आता पटले आहे. विषाणूंच्या वाणांनाही तोच न्याय लावला पाहिजे. प्रत्येक बाटलीवर वाणाचे नाव व मूळ स्थान छापणे सक्तीचे करावे. ठरावीक गावांतील अळ्या दरवर्षी तपासून त्यांना मारण्यास लागणारी मात्रा वाढते आहे काय, हे पाहावे. युरोपातील बागांत धोक्याची जाणीव झाली ती पीक हातचे गेल्यावर. आणि विषाणूची फवारणी ही कामगंध सापळे, पक्षीथांबे, निंबोळी अर्क यांच्या जोडीनेच व्हावी, म्हणजे किडीवर एकाच बाजूने सतत दाब पडणार नाही.

या कामास फार मोठा खर्च लागत नाही. मेलेली अळी ओळखणे, ती स्वच्छ बाटलीत घेणे आणि तिची नोंद करणे हे ग्रामीण महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सहज जमण्यासारखे आहे. शिक्षकांनी मनावर घेतले, तर जिल्ह्याजिल्ह्यांतून असे संग्रह उभे राहू शकतील. हरभऱ्याच्या शेंड्यावर उलटी लटकलेली काळी अळी हा आजवर किळस येऊन नजर फिरविण्याचा विषय होता. यापुढे तिच्याकडे ठेव म्हणून पाहावे लागेल. चिवावाच्या एका वाणावर सबंध युरोपाने आपला तंबू उभारला आणि चोवीस अक्षरांनी तो डळमळला. महाराष्ट्राच्या शेतांत असे किती वाण आज कोणाच्या नोंदीविना उन्हात वाळून जात आहेत, हा प्रश्न विद्यापीठांनी आणि शासनाने पुढच्या रब्बी हंगामापूर्वी स्वतःस विचारावा.